चामड्याला रंग देताना

रंग आतपर्यंत मुरायला हवा असेल, तर बाभळीची साल किंवा हिरडा यांसारख्या वनस्पतींनी कमावलेले आणि वरून लेप न दिलेले चामडे निवडावे. तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो शोषला जाऊन तिथे गडद डाग पडला, तर चामडे रंग घेईल.

अल्कोहोलयुक्त रंग झटकन वाळतो आणि पट्टे उमटतात, म्हणून तो त्याच्याच द्रावकाने पातळ करून, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून, सुती कापडाच्या बोळ्याने गोलाकार फिरवत दोन-तीन हातांत द्यावा. 24 तास वाळल्यावर पांढऱ्या कोरड्या कापडाने घासत राहावे आणि कापडाला रंग लागेनासा झाल्याशिवाय थांबू नये. बहुतेक नवशिके नेमके इथेच घाई करतात, आणि मग कमरपट्ट्याचा रंग सदऱ्याला लागतो.

त्यानंतर तेलाचा अगदी हलका हात द्यावा. त्याने छटा थोडी गडद होते. दुसऱ्या दिवशी ॲक्रिलिक फिनिशचे (रंगावर द्यायच्या संरक्षक लेपाचे) दोन पातळ थर ओलसर स्पंजने द्यावेत. जाड थर वाकवल्यावर तडकतो. कडा मात्र रंगवून झाल्यावरच मधमाश्यांचे मेण लावून लाकडी घोटणीने घोटाव्यात, कारण मेणावर रंग चढत नाही.