घरचे ब्रॉडबँड सोडून मोबाईल डेटावर यायचे असेल तर

मोबाईल डेटावर घर चालेल की नाही, हे प्लॅनपेक्षा घराच्या भिंती ठरवतात. गोव्यातले नेहमीचे घर म्हणजे नऊ इंची चिऱ्याच्या भिंती, भोवती माड-पोफळी आणि पावसासाठी स्लॅबवर चढवलेले पत्रे. तिन्ही गोष्टी सिग्नल खातात. मंगलोरी कौले त्या मानाने बरी, पत्रा मात्र लहरी अडवतोच.

आधी वापराचा हिशेब करा. सध्याच्या ब्रॉडबँडच्या ॲपमध्ये महिन्याचा वापर दिसतो, तो आकडा काढा. रोज २ जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे एकूण ५६ जीबी. एचडी मालिका तासाला ३ जीबीपर्यंत जाऊ शकते, म्हणजे टीव्हीसमोर चाळीस मिनिटे बसलात की दिवसाचा कोटा संपला. तासाभराची व्हिडिओ मीटिंग साधारण १ जीबी घेते. कोटा संपल्यावर बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, फोटो रखडतो. ‘अमर्याद ५जी’वर भिस्त असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: फोन ४जीवर उतरला की रोजचा कोटा मोजायला सुरुवात होते. महिन्याला ३००-४०० जीबी लागत असतील आणि घरात ५जी पोचत नसेल, तर ब्रॉडबँडच ठेवा.

मग सिग्नल मोजा. पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबू नका, त्या प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या हिशेबाने दिसतात. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या सिम स्टेटसमध्ये सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचे एकक) मिळतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. आकडा उणे असतो: −९० किंवा त्याहून बरा, म्हणजे शून्याच्या जवळ, असेल तर उत्तम, −१०० पर्यंत चालवून घेता येते, −११० च्या खाली नाद सोडा. दहाचा फरक म्हणजे दसपट ताकद. समजा मधल्या खोलीत −१०८ आहे आणि बाल्कांवात (घरासमोरच्या ओट्यावर) −९४. तर मोबाईल सिमवर चालणारा राउटर कुठे जाणार हे ठरलेच. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा, आकडा मागाहून बदलतो. वरच्या मजल्याची, टॉवरच्या दिशेची खिडकी सहसा जिंकते.

हे मोजमाप दोन-तीन कंपन्यांच्या सिमवर करा. शेजाऱ्याचा फोन पाच मिनिटे मागून घेतला तरी काम होते. लगेच नंबर पोर्ट करू नका. एकदा पोर्ट केला की ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही.

वेग मोजायची वेळ म्हणजे रात्री ८ ते ११. दुपारी ४० एमबीपीएस देणारा टॉवर रात्री ५ वर येऊ शकतो, कारण तो अख्ख्या वाड्यात वाटला जातो. कळंगुट-बागा पट्ट्यात डिसेंबरअखेर हेच होते आणि चवथीला सगळे गावी आले की पेडणे-सत्तरीतही. पावसाच्या धारांनी या लहरी फारशा अडत नाहीत. अडतात त्या ओल्या पानांनी. घर कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) पोटात असेल तर मे महिन्यातल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, जूनमध्ये पुन्हा मोजा.

५जीचा ३५०० मेगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा वेगवान, पण चिऱ्याची भिंत त्याला जड जाते. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे आतपर्यंत पोचतात, वेग मात्र बेताचा. फोन दर मिनिटाला ४जी-५जी अशा उड्या मारत असेल तर सेटिंगमध्ये ४जीवर बांधून ठेवा; मीटिंग तुटायची थांबते, फोनही कमी तापतो.

एकट्या माणसाला फोनचा हॉटस्पॉट पुरतो. दिवसभर चार्जरला लावलेला फोन मात्र तापतो आणि कालांतराने बॅटरी फुगू शकते. लॅपटॉप असेल तर यूएसबी टेदरिंग वापरा, म्हणजे फोन केबलने जोडून त्याचे नेट घ्या. घरात तिघे-चौघे असतील तर सिमचा राउटर घ्या. ४जी घेत असाल तर कॅट ४ ऐवजी कॅट ६ (‘कॅट’ म्हणजे राउटरच्या क्षमतेची श्रेणी), कारण तो दोन पट्टे एकत्र वापरतो. मागे बाहेरच्या अँटेनासाठी दोन सॉकेट असलेलाच निवडा. बँकेला जोडलेल्या नंबरचे सिम त्यात घालू नका, ओटीपी राउटरच्या पानावर जाऊन शोधत बसाल. फोनसाठीच्या प्लॅनच्या सवलती राउटरमध्ये मिळतीलच असे नाही, तेव्हा अटी वाचा.

अँटेना लावायचाच झाला तर त्याची केबल लांबवू नका. दहा मीटर बारीक केबलमध्ये मिळवलेला सिग्नल वाटेतच जिरतो. राउटर अँटेनाजवळ ठेवा आणि तिथून लॅन केबल आत न्या. ती १०० मीटरपर्यंत चालते. अँटेना पत्र्याच्या वर नको, वळचणीखाली भिंतीला लावा: वीज पडण्याचा धोका कमी आणि पाऊसही कमी. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने सांधे गंजतात, त्यांना रबरी टेप घट्ट गुंडाळा. बाजारातला ‘सिग्नल बूस्टर’ मात्र घेऊ नका. परवान्याशिवाय तो बसवणे बेकायदा आहे आणि त्याने शेजाऱ्यांचेही नेटवर्क बिघडते.

लाईट गेली की राउटर जाणार, म्हणून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळतात का ते आधी बघून घ्या. तासन्‌तास लाईट नसली तर टॉवरचीच बॅटरी संपू शकते, तेव्हा फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम असू द्या.

सीसीटीव्हीवाल्यांसाठी एक अडचण आहे. मोबाईल नेटवर्कवर सहसा स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे आत यायची वाट, उघडून बाहेरून बघण्याची जुनी पद्धत चालत नाही. कंपनीच्या क्लाउड ॲपवरून चालणारे कॅमेरे चालतात, पण डेटा खातात.

शेवटी ब्रॉडबँडचा राउटर आठवडाभर बंद ठेवून पहा, त्यात शनिवार-रविवार येऊ द्या. जोडणी मात्र तोपर्यंत चालू ठेवा. जमले तरच लेखी कळवून ती बंद करा, फायबरचा डबा आणि ॲडॉप्टर परत दिल्याची पावती घ्या, आणि अनामत भरली असेल तर त्याच दिवशी मागा.