पिकअपचे पाटे आणि शॉकअप सेफली कसे बदलून घ्यायचे

दसरा जवळ आला की आमच्याकडं गॅरेजसमोर पिकअपची लाईन लागते. पावसाळाभर पांदण रस्त्यानं गाडी हाणलेली असते, चाकोरीत आपटून आपटून पाटे (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) बसलेले असतात, शॉकअप (गाडीचे झटके आवरणारे तेलाचे नळकांडे) गळायला लागलेले असतात, आणि आता जिनिंगला कापूस न्यायचा म्हटलं की मग आठवण होते. काम रोजचंच आहे, मिस्त्री लोक डोळे मिटून करतात, पण जीव जायची भीती याच कामात जास्त आहे. इंजिनच्या कामात चूक झाली तर पैसे जातात, इथं मात्र दोन गोष्टी अंगावर येऊ शकतात, एक म्हणजे वर उचललेली गाडी आणि दुसरी म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग. या दोन्हीचा बंदोबस्त झाल्याशिवाय एकही बोल्ट उघडू द्यायचा नाही, एवढंच मला सांगायचं आहे, बाकी सगळं त्याच्या मागून.

मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. गॅरेजसमोरचं अंगण काळ्या मातीचं, आदल्या रात्री पाऊस पडलेला, गाडीचं मागचं चाक काढलेलं आणि सगळा भार एका बॉटल जॅकवर, जॅकखाली एक वीट. मिस्त्रीचा पोरगा खाली झोपून यू बोल्ट, म्हणजे पाटे एक्सलला (चाकांमधल्या दांड्याला) आवळून धरणारे बोल्ट, उघडत होता. १९ नंबरचा पाना घ्यायला तो बाहेर आला आणि तेवढ्यात जॅक हळूच तिरपा झाला, काही आवाज नाही काही नाही, आणि ब्रेकचा ड्रम अर्धा मातीत घुसला. पोरगा हातात पाना घेऊन तसाच उभा. दहा सेकंदांआधी त्याचं डोकं तिथंच होतं.

काळी माती वरून कितीही टणक दिसली तरी ओल लागली की जॅक पीत जाते, आणि मे महिन्यात दुपारी डांबरी रस्त्यावरही तेच होतं, डांबर मऊ पडतं. म्हणून काम सिमेंटच्या कोब्यावरच करून घ्या. अडलंच तर जॅकखाली आणि घोडीखाली (उचललेली गाडी धरून ठेवणारा लोखंडी स्टँड) जाड लाकडी फळी टाका, वीट नको, ती एका दणक्यात फुटते.

आधी बदलायची गरज आहे का ते बघा. गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करा आणि चाकाच्या मधोमधपासून वर बॉडीपर्यंत टेपनं मोजा, डावं आणि उजवं. एका बाजूला चांगला फरक आला म्हणजे त्या बाजूचे पाटे बसले किंवा एखादा तुटला. मग वायर ब्रश आणि डिझेल घेऊन पाटे साफ करा, कारण चिखलाखाली चीर दिसत नाही. चीर बहुतेक दोनच ठिकाणी सापडते, पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि मेन पाट्याच्या टोकाला जिथं तो गोल वळतो आणि आत रबरी बुश बसतो. शॉकअपचं सोपं आहे, बाहेरून तेलानं ओला झाला असेल किंवा गाडी खड्ड्यातून गेल्यावर डोलतच राहत असेल तर तो गेला.

मेन पाटा तुटलेला असेल तर दोरखंड बांधून गाडी चालवू नका. एक्सल त्या पाट्यानंच जागेवर धरलेला असतो, तो सरकला की गाडी एका बाजूला ओढते आणि लोड असेल तर सांभाळता येत नाही. माल उतरवा आणि टो करून न्या.

सामान घेताना जोडीनं घ्या. एकच शॉकअप बदलला की एक बाजू कडक आणि एक ढिली राहते, ब्रेक मारला की गाडी तिरपी पळते. यू बोल्ट नवेच घ्या, जुने एकदा ताणले गेलेले असतात आणि परत तेवढी पकड देत नाहीत. सेंटर बोल्ट, बुश, शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा दुवा) पिनाही सोबतच घ्या. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करून देतो असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा, पाट्याला कडकपणा आणि लवचिकपणा त्याला तापवून दिलेल्या पाण्यामुळं असतो, वेल्डिंगच्या आचेनं तो जातो आणि पाटा तिथंच बाजूला परत तुटतो. आणि दोन पाटे जास्तीचे टाकून घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण पाटे वाढले म्हणून चेसिस, एक्सल, ब्रेक काही वाढत नाहीत. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०१९ पासून २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे.

आता प्रत्यक्ष काम. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून मागून लाकडी गुटके लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच ढिले करायचे. मग जॅकनं उचलायची आणि चेसिसखाली दोन्ही बाजूला घोडी लावायची, जॅक फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. घोडीवर भार आल्यावर गाडीला हातानं जोरात हलवून बघा, हलली तर आत्ताच हलू दे, कुणी खाली असताना नको. मिस्त्री म्हणेल, "कायले घाबरता भाऊ, पाच मिनिटाचं काम हाय." त्याला म्हणायचं, दहा लागू दे, पण घोडी लाव.

दुसरा जॅक एक्सलखाली, पाट्यावरचा ताण निघेल एवढाच. मग शॉकअपचा खालचा बोल्ट आणि बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या एक्सलवरून ब्रेकच्या व्हॉल्व्हला गेलेली बारीक रॉड असते ती सोडवून घ्या, त्यानंतर यू बोल्ट. एक्सल खाली घेताना ब्रेकच्या होज पाईपकडं लक्ष ठेवा, एक्सल त्याच्यावर लटकला तर तो आतून फाटतो आणि बाहेरून कळतही नाही. पाट्यांचा जुडगा जड असतो, दोन माणसांनी धरायचा. जुडगा खोलायचा असेल तर आधी व्हाइसमध्ये आवळून मगच सेंटर बोल्ट काढायचा, नाही तर पाटे झटक्यानं उघडतात आणि बोटं सापडतात. बसवताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बरोबर बसलं का ते हात लावून बघा. यू बोल्टचे चारही नट थोडे थोडे, आडवे तिडवे आवळायचे, शेवटचा टॉर्क (नट किती जोरानं आवळायचा ते माप) कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे.

काही छोट्या गाड्यांना पुढं पाटे नसतात, शॉकअप आणि गोल स्प्रिंग एकत्र असतात, त्याला स्ट्रट म्हणतात. इथं जास्त जपायचं. ती स्प्रिंग शेकडो किलोच्या जोरानं दाबलेली असते. वरचा मधला नट स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) लावल्याशिवाय उघडला तर माउंटिंग बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. कंप्रेसरचे दोन हूक समोरासमोर लावायचे, एक फेरा इकडं, एक फेरा तिकडं असं हातपान्यानं आवळायचं, एअर गन लावायची नाही, आणि तोंड स्प्रिंगच्या रेषेत आणायचं नाही. स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटून हातानं फिरायला लागली की मगच नट. ज्या गॅरेजमध्ये कंप्रेसर नाही, दोरी-साखळीनं करतो म्हणतात, तिथून गाडी परत काढा आणि तालुक्याच्या नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी न्या, एक दिवस गेला तरी चालेल. तयार जोडलेला पूर्ण स्ट्रट मिळत असेल तर पैसे जास्त लागले तरी तो घ्या, स्प्रिंग खोलायचं कामच राहत नाही.

नवा साधा तेलाचा शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा दाबून सोडायचा, म्हणजे आडवा पडून आत अडकलेली हवा निघते. आणि रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच पक्के आवळा. हवेत लटकलेली असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतो.

सोडलेली ब्रेकची रॉड परत जोडली का ते स्वतः वाकून बघा. पुढचं काम असेल तर अलाइनमेंट करून घ्या, नाही तर नवे टायर एका बाजूनं घासतील. मग रिकामी गाडी गावाबाहेर नेऊन कमी स्पीडला दोन-तीन वेळा ब्रेक मारा. एक लोडची फेरी झाली, शे-दीडशे किलोमीटर झाले की यू बोल्ट परत आवळायला लागतात, कारण नवे पाटे भाराखाली एकमेकांवर बसतात आणि नट थोडे ढिले पडतात. आवळून झाल्यावर मी प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत पांढऱ्या ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवतो, मग रोज सकाळी गाडी काढताना वाकून नुसती नजर टाकायची, रेघ तुटलेली दिसली की पाना घ्यायचा.