महिला हँडबॉल वर्ल्ड चॅम्पियनशिप पहिल्यांदा बघताय? मग अशी बघा

शाळेत हँडबॉल खेळलेल्या मुली आपल्याकडे गावोगावी सापडतील, पण वर्ल्ड चॅम्पियनशिप बसून बघणारं माणूस मात्र शोधावं लागतं. इतका वेगवान खेळ आपल्याकडे कुणी बघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी वेळेचं बघून घ्या. स्पर्धा दर दोन वर्षांनी, नोव्हेंबर संपता संपता सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालते आणि बहुतेक वेळा युरोपातच असते. तिकडची संध्याकाळी सहाची मॅच आपल्याकडे रात्री साडेदहाला लागते आणि साडेआठची असेल तर चक्क एक वाजता, त्यामुळे सगळं लाइव्ह बघायचा हट्ट धरू नका, साडेदहाची बघा आणि बाकीच्या सकाळी रेकॉर्डिंगवर, फक्त स्कोअर आधी कळू देऊ नका.

नियम कामापुरते सांगते. एका टीमच्या सात जणी, त्यात एक गोलकीपर, आणि तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. बॉल हातात घेऊन जास्तीत जास्त तीन पावलं किंवा तीन सेकंद. गोलसमोरच्या सहा मीटरच्या रेषेच्या आत फक्त गोलकीपर उभी राहू शकते, पण बाकीच्यांनी बाहेरून उडी मारून हवेत असतानाच बॉल सोडला तर चालतं, म्हणून तर ते सगळे भन्नाट शॉट दिसतात.

आता खरी गोष्ट, बॉलच्या मागे डोळे पळवू नका. कबड्डीत साखळी धरून उभे राहतात ना, तशी बचाव करणाऱ्यांची भिंत रेषेवर उभी असते आणि त्या भिंतीत घुसून, गोलकडे पाठ करून हल्ला करणाऱ्या टीमची एक धिप्पाड मुलगी उभी असते, ती पिव्होट. तिच्यावर नजर ठेवा. मागून तिच्याच टीमची बॅक, म्हणजे लांबून शॉट मारणारी, धावत येते, शॉट मारणार असं वाटून दोघी तिला अडवायला पुढे सरकतात, आणि तेवढ्यात जमिनीवर टप्पा देऊन बॉल पिव्होटच्या हातात, ती गर्रकन वळते आणि गोल. हे एकदा दिसायला लागलं की मॅच कळायला लागते.

पंचाचा हात वर गेला की पास मोजा. टीम वेळ काढतेय अशी ती ताकीद असते, मग जास्तीत जास्त चार पास, त्यात शॉट नाही घेतला तर बॉल समोरच्या टीमकडे. आणि गोलकीपरला फुटबॉलच्या हिशोबाने मोजू नका प्लीज! इथे शंभरातले तीस शॉट अडवणारी चांगली आणि चाळीस अडवणारी म्हणजे एकटीच्या जिवावर मॅच काढणारी.

नवीन माणूस अडखळतो तो पॉइंट्सच्या हिशोबात. 32 टीम, चार-चारचे आठ गट, प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघी मेन राउंडला. पण पुढे पोचलेल्या टीम्सविरुद्ध मिळवलेले पॉइंटच सोबत जातात, तळाच्या टीमला चाळीस गोलांनी हरवलं असलं तरी ते गेले. म्हणजे दोघी आधीच पुढे गेल्या असल्या तरी त्यांची आपापसातली मॅच फार महत्त्वाची असते, ती चुकवू नका. मेन राउंडला सहा-सहाचे चार गट होतात, तिथे फक्त नवीन तिघींशी खेळायचं आणि पहिल्या दोघी क्वार्टर फायनलला.

सरावाला 2023 ची स्पर्धा घ्या, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये झालेली. मेन राउंडला फ्रान्सने नॉर्वेला 24-23 असं एका गोलाने हरवलं आणि दोघी पुढे गेल्या, मग नॉर्वेने सेमी फायनलला डेन्मार्कला जादा वेळेत 29-28 ने काढलं, आणि हर्निंगच्या फायनलला पुन्हा फ्रान्स आणि नॉर्वे समोरासमोर, फ्रान्स 31-28 ने जिंकलं. या तिन्ही मॅच ओळीने बघा, मेन राउंडवाली आधी, आणि पहिली दहा मिनिटं फक्त पिव्होटकडे बघत काढा, गोल सुटले तरी चालतील. पुढची वर्ल्ड चॅम्पियनशिप 2027 ला हंगेरीत आहे, तोवर सरावाला भरपूर वेळ आहे.