मचूळ पाण्यावर करडई : पेरणी हस्ताच्या ओलीवर, पाणी मोजून

सांगली जिल्ह्यात जत, कवठेमहांकाळकडं ज्यांच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ आहे, त्यांनी पेरणीआधी ते तपासून घ्यावं. मोटर अर्धा तास चालू ठेवा. प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून लिटरभर पाणी भरा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) आणि आरएससी (पाण्यातला उरलेला सोडियम कार्बोनेट, मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये) हे दोन आकडे मागून घ्या.

ईसी ३ आला, तर लिटरमागं जवळपास २ ग्रॅम क्षार आहेत असं धरा. एकरी ६ सेंटिमीटरचं एक पाणी दिलं की साडेचारशे किलोच्या वर क्षार रानात जातात, म्हणजे ५० किलोची नऊ पोती. गव्हाला पाच पाणी दिली तर पंचेचाळीस पोती झाली. गहू खारं पाणी सोसतो हे खरं, पण पाणीच फार मागतो. करडईचं सोटमूळ खोल जाऊन खालची ओल ओढतं, दोन पाण्यांत पीक हाताला येतं. म्हणून असल्या रानात मी करडईच्याच बाजूचा.

जमिनीचा ईसी साधारण ५.३ होईपर्यंत करडईचं उत्पादन घटत नाही, १० च्या आसपास ते निम्म्यावर येतं. उसाची घट १.७ लाच सुरू होते. पण इथं बऱ्याच जणांची फसगत होते. हे आकडे मातीच्या संपृक्त अर्काचे, म्हणजे माती पुरती भिजेल एवढंच पाणी घालून काढलेल्या अर्काचे आहेत. आपल्याकडच्या माती परीक्षणात बहुतेकदा एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून ईसी काढतात. पाणी जास्त, म्हणून आकडा लहान दिसतो. भारी काळ्या रानात अर्काचा ईसी त्याच्या दुप्पट-तिप्पट निघू शकतो. अहवालात २ दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

उगवताना मात्र करडई नाजूक असते. एका वर्षी हस्त कोरडा गेला, म्हणून मी सुक्यातच तिफण धरली आणि सारे पाडून विहिरीचं पाणी सोडलं. आठव्या दिवशी काकरी उकरली. बी फुगलेलं, मोड जेमतेम बाहेर आलेला आणि तिथंच तपकिरी पडून थांबलेला. वर मातीला पांढरा पापुद्रा धरला होता. चार किलो बी गेलं, पेरणीची वेळही गेली. तेव्हापासून पेरणी पावसाच्याच ओलीवर करतो. पाऊस चुकलाच आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन मिळत असेल, तर ते गोडं पाणी ओलवणीला घ्या. मचूळ पाणी रोप मुळावर उभं राहिल्यावर द्या.

वरंब्यावर टोकणार असाल तर माथा सोडून बगलेला टोका. वर चढलेलं पाणी उडून जातं आणि क्षार माथ्यावर राहतात.

बियाणं एकरी ४ ते ५ किलो, अंतर ४५ बाय २० सेंटिमीटर, उगवणीनंतर १०-१२ दिवसांनी विरळणी. भीमा, फुले कुसुमा हे वाण चालतात. काट्यांमुळं काढणीला माणूस मिळत नसेल तर फलटणच्या निंबकर संस्थेचा बिनकाट्याचा नारी-६ घ्या. एकरी २० किलो नत्र, १० किलो स्फुरद. स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यावं. सोबत हरभरा नको, त्याला खारं अजिबात सोसत नाही.

पहिलं पाणी ३०-३५ दिवसांनी, जमिनीला भेगा पडायच्या आत. दुसरं ५५-६० दिवसांनी, फुलोऱ्यात. पाणी हलकं द्या आणि कुठं तुंबू देऊ नका. करडई मीठ सोसते, साचलेलं पाणी नाही. मूळ कुजतं आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. त्यामुळं वाळवा, पलूस, मिरजेकडच्या पाणथळ क्षारपड रानांना करडईचा उपयोग नाही. तिथं आधी चर किंवा पाइप टाकून निचरा काढा, मग पिकाचं बघा.

आरएससी अडीचच्या वर असेल तर ईसी कितीही कमी असो, ते पाणी जमीन चोपण करतं, म्हणजे माती घट्ट होऊन पाणी मुरत नाही. जिप्समचा हिशेब तज्ज्ञाकडून करून घेतल्याशिवाय ते रानाला लावू नका.

मावा आधी बांधाकडेच्या झाडांवर दिसतो. तिथंच ५ टक्के निंबोळी अर्क मारा.

काढणी सकाळी, दव असताना करा, काटे मऊ असतात. रान मोकळं झालं की उन्हाळ्यातच बांध नीट करून घ्या. पावसाळ्यातलं पाणी वाहून न जाता रानात मुरलं, तर दोन पाण्यांनी आलेली क्षारांची अठरा पोती मुळांच्या खाली जातील.