बांदोल शिकताना: एका फ्रेंच रेड वाइनची चव, वय आणि जोडीचं जेवण

हॉटेल मॅनेजमेंट करून किंवा डब्ल्यूएसईटी या वाइन-अभ्यासक्रमाची दुसरी लेव्हल पास होऊन वाइनच्या क्षेत्रात येणारी बरीच मुलं मला विचारतात, "पुढे काय करू?" मी सांगते, एक वाइन धरा आणि तिच्यासोबत दोन-तीन वर्षं काढा. बोर्दो, बर्गंडी, रोन, लुआर या फ्रान्समधल्या वाइन-प्रदेशांची नावं आणि नकाशे पाठ होतात, पण त्याने जीभ तयार होत नाही. तीच वाइन ती तरुण, मधल्या वयाची आणि म्हातारी असताना प्यायलात की तुरटपणा म्हणजे काय, तो कुठे जातो आणि त्याच्या जागी काय येतं, हे कळायला लागतं. माझ्यासाठी ती वाइन बांदोल ठरली.

बांदोल हा दक्षिण फ्रान्समधला, प्रोव्हान्सच्या किनाऱ्यावरचा भाग. तुलों शहराच्या पश्चिमेला डोंगर अर्धगोल उभे आहेत आणि त्यांच्या उतारांवर दगडी बांध घालून बागा केल्या आहेत. या पायऱ्यांना तिथे 'रस्तांक' म्हणतात. ला कादिएर, ल कास्तले ही गावं वर टेकडीवर, खाली समुद्र. अपेलासियों, म्हणजे त्या भागाच्या नावाने वाइन विकण्याचा कायदेशीर दर्जा, 1941 साली मिळालं. इथली निम्म्याहून जास्त वाइन रोझे (फिकट गुलाबी) असते आणि उन्हाळ्यातल्या पर्यटकांना तीच हवी असते. पण शिकायची आहे ती रेड. नियमाप्रमाणे तिच्यात किमान 50 टक्के मूर्वेद्र द्राक्ष लागतं (चांगले उत्पादक बरेचदा याहून खूप वर जातात), सोबत मुख्यतः ग्रनाश आणि सॅंसो. बाटलीत जाण्याआधी तिला किमान 18 महिने लाकडात काढावे लागतात. हे लाकूड बहुधा नव्या छोट्या पिंपांचं नसतं. 'फूद्र' नावाची हजारो लिटरची जुनी ओक पिंपं वापरतात, त्यामुळे व्हॅनिलाचा किंवा टोस्टचा वास वाइनवर चढत नाही. नवशिक्यासाठी ही मोठीच सोय. नाकाला येतं ते द्राक्षाचं आणि काळाचं, सुताराचं नाही.

मूर्वेद्र हट्टी द्राक्ष आहे. सगळ्यात उशिरा पिकतं, ऊन भरपूर मागतं आणि मुळाशी ओल नसेल तर रुसतं. "डोकं उन्हात, पाय पाण्यात" असं तिथले लोक त्याच्याबद्दल म्हणतात. फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीच्या साथीनंतर ते तिथून जवळजवळ हद्दपार झालं होतं, कारण कलमं नीट धरत नव्हती आणि जास्त उत्पन्न देणाऱ्या जाती हाताशी होत्या. दोमेन तांपिएचे लुसियें पेरो आणि त्यांच्यासारख्या काही बागाईतदारांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ते चिकाटीने परत आणलं. मी नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांमध्ये वाढले. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हे आमच्याकडचं वर्षाचं घड्याळ. बांदोलला हिवाळ्यात एकदाच छाटणी होते आणि साधारण सप्टेंबरपासून तोडणी. यंत्राने तोडायला बंदी आहे, म्हणून हंगामात माणसं लागतात. फ्रान्समध्ये शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 964 तास काम करता येतं, तेव्हा तोडणीचं काम जरूर करा. मूर्वेद्रचा घड शेवटी कापतात. कापताना दाणे चावून बघा: साल जाड, बिया कडक, आणि चघळल्यावर हिरड्यांना तुरटपणा धरतो. पुढे ग्लासमध्ये जे भेटतं त्याची पहिली ओळख तिथेच होते.

आता चव. तरुण बांदोल, म्हणजे तीन-चार वर्षांची, बूच काढल्या काढल्या अनेकांना आवडत नाही. रंग गडद, जांभळट. वास बंद, आणि कधी जळलेल्या काडीचा, रबराचा, थोडा उकडलेल्या अंड्याचा. इथेच नवीन माणूस "वाइन खराब आहे" असं लिहून मोकळा होतो. मूर्वेद्रला हवा कमी मिळाली की ते असं कोंदटतं. याला 'रिडक्शन' म्हणतात. ग्लास जोरात फिरवा, दहा मिनिटं ठेवा, पुन्हा नाक घाला. रिडक्शन असेल तर वास पातळ होत जातो आणि मागून काळं फळ, सुकं थाइम, रोझमेरी, काळी मिरी पुढे येतात. बुरशी लागलेल्या बुचाचा दोष असेल तर उलट होतं: ओल्या पुठ्ठ्याचा वास वेळ जाईल तसा वाढतो आणि फळ मरत जातं. तिसरा प्रकार 'ब्रेट' यीस्टचा, तबेल्याचा आणि बँडेजपट्टीचा. तो हवा लागून जात नाही, आणि घोट गिळल्यावर शेवट कोरडा, धातूसारखा होतो. अवघड भाग असा की निरोगी मूर्वेद्रलाही स्वतःचा चामड्याचा, शिकारीच्या मांसाचा वास असतो. तो आणि ब्रेट यांतला फरक पुस्तकातून कळत नाही. मी शेवटाकडे बघते: फळ घोटाच्या टोकापर्यंत टिकलं, तर वास द्राक्षाचा आहे असं मानते.

म्हणून या वाइनमध्ये नाकापेक्षा तोंडावर जास्त भरवसा ठेवा. घोट घोळवा, थोडी हवा ओढा, थुंका. थुंकायला लाजू नका. एका सकाळी दहा-बारा वाइन चाखायच्या तर सगळेच थुंकतात, उत्पादकसुद्धा. मग लक्ष द्या. तुरटपणा कुठे बसलाय, हिरड्यांवर की जिभेवर? बारीक की खरखरीत? लाळ सुटते का, म्हणजे आंबटपणा पुरेसा आहे का? घशाला अल्कोहोलची धग लागते का? (14 टक्के किंवा त्याहून जास्त इथे नेहमीचं.) चव किती वेळ राहते? चाखण्याच्या दिवशी अत्तर, पान, बडीशेप, ताजी कॉफी वर्ज्य. सुपारीची सवय असलेल्यांना मी स्पष्टच सांगते, ती सोडल्याशिवाय टॅनिनचा, म्हणजे सालीबियांतून येणाऱ्या तुरट द्रव्याचा, बारीकपणा तुम्हाला कळणार नाही.

ग्लासमधली वाइन 16 ते 18 अंशांवर असावी. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानावर ती निव्वळ दारूसारखी लागते, तेव्हा वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून काढा. तरुण बाटली डिकँटरमध्ये (काचेच्या मोठ्या सुरईत) ओतून दोन तास ठेवली तर बिघडत काही नाही, उलट खुलते.

वयाचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. पहिली काही वर्षं फळ असतं. मग बऱ्याच बाटल्या गप्प होतात: फळ ओसरलेलं, तुरटपणा तसाच. या काळात उघडलेल्या बाटलीवरून कुठल्याही उत्पादकाबद्दल मत बनवू नका. साधारण दहा वर्षांच्या आसपास गाठ सुटायला लागते, आणि चांगल्या सालची वाइन वीस वर्षंही आरामात जाते. आत घडतं ते असं, की टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्याला धरून मोठे होतात आणि काही तळाशी गाळ होऊन बसतात. म्हणून रंग विटकरी होतो आणि तोंडात खरखर कमी होते. वासात चामडं, ओला पालापाचोळा, ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी अळंबी), सुकं अंजीर. अशी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, ओतताना मानेखाली दिवा धरा, आणि गाळ मानेशी आला की थांबा. जुनीला तासन्‌तास हवेत ठेवू नका. अर्ध्या तासात ती जे सांगायचं ते सांगते.

परवडत असेल तर एकाच सालच्या तीन बाटल्या घ्या आणि चार-पाच वर्षांच्या अंतराने उघडा. प्रत्येक वेळी आधी नवीन टिपण लिहा, मगच जुनं वाचा. मात्र साठवण 12 ते 14 अंशांवर, अंधारात, बाटली आडवी. पुण्या-मुंबईतल्या कपाटात ती दोन उन्हाळ्यांत शिजून जाईल. वाइन फ्रिज नसेल तर साठवण्याचा विचारच करू नका, पिण्याइतकीच आणा.

जेवणाची जोडी तिथल्या स्वयंपाकघरातून शिकावी. लसूण-रोझमेरी लावून भाजलेली मेंढीची तंगडी, किंवा 'दोब': बीफ रेड वाइनमध्ये, संत्र्याची साल आणि तमालपत्र घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं. तरुण, तुरट वाइनला चरबी आणि मीठ लागतं. टॅनिन तोंडातल्या लाळेऐवजी मांसातल्या प्रथिनांना धरतं आणि वाइन एकदम मऊ वाटते. जुन्या बाटलीला तेवढं बळकट ताट नको, साधं भाजलेलं मांस आणि मशरूम पुरतात. समुद्र समोर असूनही बुयाबेस या माशांच्या रश्श्यासोबत ही रेड कुणी घेत नाही, तिथे रोझे किंवा पांढरी येते.

आपल्या जेवणासोबत? तिखट हा खरा शत्रू. मिरची अल्कोहोलची धग आणि टॅनिनचा कडूपणा दोन्ही वाढवते, त्यामुळे सावजी किंवा तांबडा रस्सा सोडून द्या. गुळाची आमटीही नको, गोडाने वाइन आंबट आणि कोरडी लागते. पण कमी तिखटाचं, काळ्या मसाल्यातलं सुकं मटण, ज्यात दगडफुलाचा मातकट वास आहे, ते दहा वर्षांच्या बांदोलसोबत मनापासून जमतं. मिरची निम्मी करा आणि सुकं खोबरं चांगलं खरपूस भाजा.