ॲप्ट अपग्रेड की फुल-अपग्रेड? 'वाय' दाबण्याआधी काय पाहावे

डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्स सिस्टिमवर पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) 'ॲप्ट' हा प्रोग्रॅम सांभाळतो. त्याच्या अपग्रेडच्या कमांड नावाने सारख्या वाटतात, पण प्रत्येकीला दिलेली मोकळीक वेगळी आहे. कोणती कमांड पॅकेज काढून टाकू शकते, हे पाहूनच निवड करावी. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या छोट्या रोमन अक्षरांत टाइप करा, फक्त आर्चच्या कमांडमधला 'एस' मोठा.)

आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' चालवा ('सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने). याने एकही पॅकेज बदलत नाही, फक्त उपलब्ध आवृत्त्यांची यादी ताजी होते. यादी शिळी असेल तर पुढचे सगळे शिळ्याच माहितीवर चालते.

मग तालीम करा: 'ॲप्ट -एस अपग्रेड'. प्रत्यक्षात काहीच बदलत नाही, काय घडेल ते मात्र समोर येते. सारांशाच्या ओळीत चार आकडे असतात: अपग्रेडेड, न्यूली इन्स्टॉल्ड, टू रिमूव्ह आणि नॉट अपग्रेडेड (नव्या ॲप्टमध्ये याच क्रमाने अपग्रेडिंग, इन्स्टॉलिंग, रिमूव्हिंग, नॉट अपग्रेडिंग). नजर तिसऱ्यावर ठेवा. साध्या 'अपग्रेड'मध्ये तो 0 असतो, कारण ही कमांड गरजेप्रमाणे नवी पॅकेजेस आणते, पण बसवलेले काढत नाही. जुनी 'ॲप्ट-गेट अपग्रेड' त्याहून सोवळी: ती नवे पॅकेजही आणत नाही, म्हणून नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) बरेचदा मागेच राहतो. रोजच्या कामाला 'सुडो ॲप्ट अपग्रेड' पुरते.

'केप्ट बॅक' (मागे ठेवलेली पॅकेजेस) दिसले म्हणून घाबरू नका. उबुंटूमध्ये काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडली जातात, तुमची पाळी अजून आलेली नसते. काही दिवस थांबा. तरीही अडले तरच 'ॲप्ट -एस फुल-अपग्रेड' करून पाहा. ही कमांड अवलंबित्व (कोणत्या पॅकेजला कोणते लागते ते) जुळवण्यासाठी पॅकेजेस काढू शकते. काढायच्या यादीत एखादी जुनी लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो सामाईक कोड) असेल तर सहसा चालते. डेस्कटॉप, नेटवर्क-मॅनेजर किंवा डेटाबेस सर्व्हर दिसला तर तिथेच थांबा. बाहेरून जोडलेली रिपॉझिटरी (पॅकेजेसचा साठा) हे त्यामागचे नेहमीचे कारण. '-वाय' (प्रश्न न विचारता आधीच होकार) जोडून फुल-अपग्रेड कधीच चालवू नये, यादी वाचण्याची संधीच जाते.

अपग्रेड चालू असताना तुम्ही बदललेल्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलबद्दल प्रश्न येऊ शकतो. नुसते एंटर दाबले तर तुमची फाइल राहते, नवी शेजारी '.डीपीकेजी-डिस्ट' नावाने ठेवली जाते. त्याआधी 'डी' दाबून फरक वाचा. एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी जोडणी) च्या फाइलबाबत तर नक्कीच. दूरच्या सर्व्हरवर हे सगळे टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणारे साधन) करा, नाहीतर जोडणी तुटली की काम अर्धवट लटकते. तसे झाल्यास लॉक फाइल (एका वेळी एकच ॲप्ट चालावे म्हणून असलेली खूण) पुसू नका. आधीची प्रक्रिया खरोखर संपली आहे ना हे पाहून 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा.

वेगळे बूट विभाजन (सिस्टिम सुरू होताना लागणाऱ्या फाइलींची डिस्कवरची जागा) भरलेले असेल तर नव्या कर्नलची बूट प्रतिमा बनत नाही. म्हणून 'डीएफ -एच /बूट' आधीच पाहावे. जुने कर्नल 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह'ने जातात, पण तिचीही यादी वाचूनच होकार द्या.

ॲप्ट नसलेल्या लिनक्सचे वेगळे. आर्चवर नियम एकच: 'पॅकमन -एसवाययू'. नुसते '-एसवाय' करून एखादेच पॅकेज बसवले की लायब्ररींचा मेळ बिघडतो. फेडोरात 'डीएनएफ अपग्रेड' वापरा. गडबड झाली तर 'डीएनएफ हिस्टरी अनडू' बरेचदा सावरते. ॲप्टच्या बहुतेक आवृत्त्यांत मात्र काय बदलले ते '/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग' उघडून स्वतःच शोधावे लागते.