बावीस बाय-इन गेले, त्यातले नशिबाचे किती?

पोकरचा डाव. हातात दोन अठ्ठ्या. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पानांत, अठ्ठी, पंजी, दुर्री. समोरच्याने होते नव्हते ते सगळे चिप्स पुढे सारले आणि मी क्षणात कॉल केला, म्हणजे त्याच्याइतकेच लावले. त्याने एक्क्यांची जोडी उघडली. माझ्या तीन अठ्ठ्यांपुढे त्याला उरलेल्या दोन एक्क्यांपैकी एक हवा होता, म्हणजे शंभरातले नव्वदच्या वर डाव माझेच. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, गुलाम आला. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानाला, बदामचा एक्का.

हा डाव मला अजून पानापानासकट आठवतो. त्यानंतर पाऊण तासाने झालेला दुसरा डाव मात्र नोंदींमध्ये सापडेपर्यंत मी साफ विसरले होते. हातात एक्का-राणी, फ्लॉपवर राणी, नव्वी, चौकी. फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्ही वेळा मी बेट केली आणि रिव्हरला समोरून भलामोठा रेझ आला, म्हणजे त्याने माझी बेट वाढवली. तासभर जवळजवळ प्रत्येक हात फोल्ड करत, म्हणजे पानं टाकून देत, बसलेला माणूस होता तो. आपल्या एका जोडीला इथे काही किंमत नाही हे मला कळत होतं. तरी ‘बघू तरी काय आहे’ म्हणत मी आणखी ४६ बिग ब्लाइंड घातले (बिग ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी लावावी लागणारी सक्तीची बेट, टेबलावरचं मोजमाप तिच्यात होतं). त्याच्याकडे नव्व्यांचा सेट, म्हणजे तीन नव्व्या, होत्या. पहिला डाव नशिबाने नेला, दुसरा मी स्वतः दिला, आणि झोपताना दोन्ही नशिबाच्या खात्यावर लिहून मोकळी झाले.

त्या काळात सुमारे ४०,००० हातांमध्ये माझे २२ बाय-इन गेले (कॅश गेममध्ये एक बाय-इन म्हणजे साधारण १०० बिग ब्लाइंड). त्याआधी वर्षभर मी १०० हातांमागे चार-एक बिग ब्लाइंड कमावत होते, त्यामुळे खेळ आपल्याला येतो हे गृहीतच धरलेलं. साडेसाती लागली आहे, संपेल, असं चाललं होतं.

नवीन खेळाडूने आधी हे समजून घ्यावं की साडेसाती खरोखरच असते आणि ती वाटते त्यापेक्षा पुष्कळ लांब चालते. सहा जणांच्या टेबलावर नो-लिमिट होल्डेम (पोकरचा हाच प्रकार) खेळताना १०० हातांमागचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती हलतो त्याचं माप, साधारण ७५ ते १०० बिग ब्लाइंड असतं. ते ९० धरू. १०० हातांमागे ५ बिग ब्लाइंड जिंकणारा, म्हणजे चांगलाच खेळाडू घेऊ. १०,००० हातांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० बिग ब्लाइंड, आणि नशिबाचा झोका दोन्ही बाजूंना ९०० चा. त्यामुळे असा खेळाडूही दहातून जवळजवळ तीन वेळा तोट्यात असतो. ५०,००० हातांनंतर दहातून एकदा, आणि एक लाख हातांनंतरसुद्धा शंभरातून चार वेळा. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५-३० हात होतात, तेव्हा एक लाख हात म्हणजे तीन-चार हजार तास झाले. ‘गेला महिना वाईट गेला’ यावरून तुमच्या खेळाबद्दल काहीही कळत नाही. चांगला गेला असेल तरी नाही, पण ते ऐकायला कोणाला आवडत नाही.

टूर्नामेंट खेळणाऱ्यांचं तर विचारूच नका. शंभरातून पंधरा वेळा बक्षिसात येणारा खेळाडू सलग २० टूर्नामेंट रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास आहे, आणि वर्षभरात शेकडो टूर्नामेंट खेळणाऱ्याच्या वाट्याला अशी रांग बहुधा येतेच.

यातली सर्वांत महागडी समजूत म्हणजे ‘आता माझी पाळी’. १९१३ साली मोंते कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर काळा रंग सलग २६ वेळा आला. लाल आता यायलाच हवा म्हणून लोक लालवर पैसे लावत गेले आणि बुडाले. पत्ते पिसले की मागचा डाव पुसला जातो. दहा वेळा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) हुकला म्हणून अकराव्यांदा तो लागण्याची शक्यता वाढत नाही. फ्लॉपला चार पानं जमली असतील तर रिव्हरपर्यंत ती ३५ टक्केच.

हे गणित मला पाठ होतं. पण तोटा समजावून घ्यायला वापरलेलं हेच गणित चुका झाकायलाही तितकंच सोयीचं पडतं. चांगला खेळाडू १०,००० हात हरू शकतो, तसा सामान्य खेळाडू १०,००० हात जिंकूही शकतो. शिवाय प्रत्येक पॉटमधून रेक, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा वाटा, कापला जातो, त्यामुळे एकमेकांच्या तोडीस तोड खेळणारे सगळेच हळूहळू हरत असतात. माझं ते सोन्याचं वर्ष कितपत माझं होतं, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

डाव नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल-इनचा, म्हणजे सगळे चिप्स लावलेल्या डावांचा, वेगळा आलेख असतो: पैसे आत गेले त्या क्षणी तुमचा वाटा किती होता आणि हाती किती आलं. माझ्या २२ पैकी ९ बाय-इन त्या फरकातले निघाले. उरलेले १३? त्यात कूलर होते. राजांची जोडी हातात आणि समोर एक्के, तर पैसे जाणारच. राजे तिथे शंभरातून अठराएक वेळाच जिंकतात, आणि या प्रकारचं दुर्दैव तो आलेख दाखवत नाही. म्हणून ४० बिग ब्लाइंडांच्या वर हरलेला प्रत्येक डाव काढला आणि पुढे एक अक्षर लिहिलं: ‘न’ नशीब, ‘कू’ कूलर, ‘मी’. दोन शनिवार-रविवार गेले. ‘मी’ चे डाव पाच-सहा बाय-इनचे भरले आणि त्यातले बहुतेक बसल्यापासून तिसऱ्या तासानंतरचे होते.

टिल्ट, म्हणजे भावनेच्या भरात बिघडलेला खेळ, हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. यंत्र फार हलवलं की दिवा लागतो आणि खेळ थांबतो. आमच्याकडे दिवा लागत नाही, हीच पंचाईत. टिल्ट म्हणजे आरडाओरडा, पत्ते फेकणं, अशी माझी कल्पना होती, आणि मी तर शांत बसलेली असायचे. माझा टिल्ट दोन प्रकारचा निघाला. एक तो ‘बघू तरी’ वाला कॉल. दुसरा सापडायला जास्त वेळ लागला: भीती. चांगली पानं असतानाही ‘परत शेवटच्या पानाने घात होईल’ म्हणून मी रिव्हरला बेट न करता चेक करायचे. डाव जिंकायचे, पण जिथे ७० मिळायचे तिथे ३० घेऊन. ही गळती कुठल्याच हरलेल्या डावात दिसत नाही. ती पकडायची तर जिंकलेले डावही वाचावे लागतात, आणि खराब काळात ते कोणी वाचत नाही.

मग काय केलं? एक पायरी खालच्या स्टेकवर, म्हणजे कमी रकमेच्या टेबलावर, उतरले. कमीपणा वाटला, आठवड्याने गेला. तीन बाय-इन गेले की त्या दिवसापुरतं उठायचं, आणि ‘मी’ लिहावा असा एक जरी डाव झाला तरी उठायचं. दुसरा नियम पहिल्यापेक्षा जास्त कामी आला. कॅश गेमसाठी २०-३० बाय-इन बाजूला असावेत असं सांगतात, मी आता ४० ठेवते. टूर्नामेंटवाल्यांनी १०० च्या खाली बसूच नये. हा पैसा घरखर्चातला नको. उधार घेऊन तोटा भरून काढायचा विचार मनात आलाच, तर तो डाऊनस्विंग, म्हणजे नुसता तोट्याचा काळ, राहिलेला नाही. तिथे खेळ बंद करायचा आणि जवळच्या माणसाला सांगायचं. घात झालेल्या डावांच्या कहाण्या मित्रांना ऐकवणंही बंद केलं. ऐकणारा ‘अरेरे’ म्हणतो आणि डाव ‘न’ मध्ये जमा होतो.

खालच्या स्टेकवरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एक्का-राणी आली. फ्लॉपवर राणी, रिव्हरला तसाच मोठा रेझ, समोर तसाच आखडून खेळणारा माणूस. मी पत्ते सोडले. त्याने न दाखवताच पानं टाकली आणि चिप्स ओढून घेतले. त्या रात्री नोंदीत तिन्हींपैकी कुठलंच अक्षर बसेना, तेव्हा लिहिलं: ‘फोल्ड. काय होतं, माहीत नाही.’